बेब रूथ : सेंट मेरीजच्या धर्मबंधूंनी घडवलेला खेळाडू

अमेरिकेत बेसबॉलचा प्रत्येक हंगाम संपला की सर्वाधिक होमरन कोणत्या खेळाडूने मारले याची नोंद होते. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी एकाखाली एक मांडून जी यादी तयार होते, ती तेथील अनेक क्रीडाप्रेमींना मुखोद्गत असते. त्या देशातील दोन प्रमुख व्यावसायिक स्पर्धांपैकी अमेरिकन लीग ही एक. तिच्या यादीत १९१८ ते १९३१ या चौदा हंगामांपैकी बारा हंगामांसमोर एकच नाव दिसते : जॉर्ज हर्मन रूथ, म्हणजेच जगाला परिचित असलेला बेब रूथ. केवळ १९२२ आणि १९२५ या दोन वर्षांपुढे ते नाव नाही. त्या दोन वर्षांचीही एक हकिगत आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी हा मुलगा कोठून आला ते पाहणे आवश्यक आहे. कारण तो कॅथोलिक धर्मबंधूंच्या छत्राखाली वाढला होता.

ज्या वाचकांना बेसबॉल परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजाने गोल बॅटने मारलेला चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, तर तो चारही बेसना फेरी मारून निर्धास्तपणे परत येतो. हाच होमरन. क्रिकेटमधील षटकाराशी त्याची तुलना करता येईल, मात्र होमरन षटकारापेक्षा पुष्कळ दुर्मीळ. रूथच्या उदयापूर्वी तर संपूर्ण हंगामात दहा-बारा होमरन मारणारा फलंदाजही यादीत पहिला येत असे. एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरला जाई आणि संघ एकेक बेस पुढे सरकत धाव मिळवण्यात समाधान मानत.

रूथचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर या बंदराच्या शहरात, त्याच्या आजोबांच्या म्हणजे आईच्या वडिलांच्या घरी झाला. आईवडील दोघेही जर्मन वंशाचे. वडील दारूचा गुत्ता चालवत. आईची प्रकृती नेहमीच नाजूक. त्या दांपत्याला आठ अपत्ये झाली, पण त्यांपैकी जॉर्ज आणि त्याची बहीण मेमी ही दोनच जगली. गुत्त्याच्या कामात दिवस-रात्र बुडालेल्या त्या घरात मुलाकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नव्हती. आपली जन्मतारीखदेखील त्याला नीट ठाऊक नव्हती. आपण १८९४ साली जन्मलो असे तो समजत होता. १९३४ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी पारपत्र काढण्याची वेळ आली तेव्हा त्याला खरी तारीख समजली.

शाळा चुकवणे, बंदराजवळच्या गल्ल्यांतून भटकणे, तंबाखू चघळणे, गुत्त्यातील मद्याची चव घेणे, हे सारे वयाची सात वर्षे पुरी होता होताच सुरू झाले होते. १३ जून १९०२ रोजी वडिलांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल या संस्थेच्या स्वाधीन केले. मुलगा कोणाच्याही आवरण्यापलीकडचा आहे, असा त्याच्याविषयीचा शेरा होता. सात वर्षांच्या पोराविषयी असा शेरा देणाऱ्या मोठ्या माणसांची आज वाचताना अधिक काळजी वाटते.

सेंट मेरीज ही संस्था १८६६ साली बाल्टिमोरच्या आर्चडायोसिसने सुरू केली होती. ती झेवेरियन ब्रदर्स या धर्मबंधूंच्या संघाकडे सोपवलेली होती. बेल्जियममधील ब्रूज या शहरात थिओडोर रायकन यांनी १८३९ साली स्थापिलेला हा संघ संत फ्रान्सिस झेवियर यांना आपले आश्रयदाते मानतो. ज्या संताच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपल्याकडील भाविक ओल्ड गोव्याला जातात, त्याच संताचे नाव बाल्टिमोरमधील या धर्मबंधूंनी धारण केले होते. संस्थेत सुमारे आठशे मुले होती. काही अनाथ, काही गरीब घरांतील, काही न्यायालयाने पाठवलेली. दिवसाची आखणी कडक असे : प्रार्थना, मिस्सा, अभ्यास, हस्तव्यवसायाचे शिक्षण आणि खेळ. जॉर्जच्या वाट्याला शिवणविभाग आला आणि तेथे तो शर्ट शिवण्यास शिकला. पुढे लाखो लोकांच्या टाळ्या घेणारा हा माणूस शिंपीकामातही तरबेज होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. याच शाळेत त्याने कॅथोलिक श्रद्धेचे पाठ घेतले आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला.

येथेच त्याला ब्रदर मथायस भेटले. कॅनडातील केप ब्रेटन बेटावर जन्मलेले हे धर्मबंधू सहा फुटांहून बरेच उंच आणि धिप्पाड होते. मुलांच्या शिस्तीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, परंतु त्यांना आवाज चढवावा लागत नसे. ते नुसते समोर येऊन उभे राहिले की भांडणे थांबत. मुलांना झेल पकडण्याचा सराव देण्यासाठी ते एका हाताने बॅट फिरवून चेंडू आकाशात उंच उडवीत. छोटा जॉर्ज ते दृश्य भान हरपून पाहत राही. पुढे त्याची चाल, त्याची फलंदाजीची ढब, पायांचे चवडे किंचित आत वळवून छोटी पावले टाकत धावण्याची लकब, हे सर्व ब्रदर मथायस यांच्याकडूनच आले, असे तो स्वतः सांगत असे. ब्रदरांनी त्याला खेळाबरोबर लिहिणे-वाचणेही शिकवले आणि त्याच्यासाठी वेळ दिला. घरून भेटायला येणारे जवळजवळ कोणी नसलेल्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट किती मोठी होती, याचा विचार आपण करू शकतो.

जॉर्ज डावखुरा होता आणि सुरुवातीला तो यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा सांभाळत असे. शाळेत डावखुऱ्यांचे हातमोजे नसल्याने चुकीच्या हातात मोजा घालूनच त्याला खेळावे लागे. एकदा आपल्याच संघाच्या पिचरची फजिती होत असताना तो मोठ्याने हसला. ब्रदर मथायस यांनी त्याला शिक्षा केली ती अशी, की आता तूच चेंडू टाकून दाखव. त्याने टाकून दाखवला, आणि तो पिचर झाला.

दरम्यान १९१२ साली त्याची आई वारली. दोन वर्षांनंतर, १४ फेब्रुवारी १९१४ रोजी बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचे मालक जॅक डन यांनी सेंट मेरीजमध्ये येऊन त्याच्याशी करार केला. संपूर्ण हंगामाचे वेतन ६०० डॉलर ठरले. दुसऱ्या एका शाळेतील झेवेरियन धर्मबंधू ब्रदर गिल्बर्ट यांच्या शिफारशीचा या घटनेत मोठा वाटा होता. मुलगा अद्याप सज्ञान नसल्याने डन यांनी त्याचे पालकत्व स्वीकारले. त्यावरून सहकारी खेळाडू त्याला डन यांचे बाळ म्हणून चिडवू लागले आणि ‘बेब’ हे नाव कायमचे चिकटले. त्याच वर्षी जुलैमध्ये तो बॉस्टन रेड सॉक्स संघाकडे गेला. ऑक्टोबरमध्ये हेलन वुडफर्ड या तरुणीशी त्याचा विवाह मेरीलँडमधील एलिकॉट सिटी येथील सेंट पॉल चर्चमध्ये झाला.

बॉस्टनमध्ये तो प्रथम नावाजला तो पिचर म्हणून. १९१६ साली त्याने २३ आणि १९१७ साली २४ सामने जिंकून दिले. विश्वमालिकेत सलग २९ पूर्णांक दोन तृतीयांश डाव प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देण्याचा त्याचा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. तो तेवढ्यावरच थांबला असता तरी थोर खेळाडूंत गणला गेला असता. परंतु पिचर रोज खेळत नाही, आणि या माणसाची बॅट रोज हवी आहे हे संघाच्या लक्षात आले. १९१८ साली त्याने ११ होमरन मारले आणि फिलाडेल्फियाच्या टिली वॉकर याच्यासह यादीत प्रथम स्थान मिळवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुत्त्याबाहेर झालेल्या मारामारीत त्याच्या वडिलांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्याने २९ होमरन मारून १८८४ सालापासून अबाधित असलेला २७ चा विक्रम मोडला. त्या हंगामानंतर बॉस्टनच्या मालकाने त्याला एक लाख डॉलरला न्यू यॉर्क यांकीज संघाला विकून टाकले.

१९२० साली न्यू यॉर्कमध्ये जे घडले त्यावर प्रथम कोणाचा विश्वास बसेना. रूथने ५४ होमरन मारले. यादीत दुसरा आलेला जॉर्ज सिस्लर १९ वर होता. अमेरिकन लीगमधील उरलेल्या सात संघांपैकी एकाही संघाला, सर्व खेळाडू मिळून, ५४ चा आकडा गाठता आला नाही. १९२१ मध्ये तो आकडा ५९ वर गेला. हे सर्व केवळ त्याच्या बाहुबलाने घडले असे म्हणणे योग्य होणार नाही. चेंडूला थुंकी लावून तो वळवण्याच्या क्लृप्तीवर त्या वर्षापासून निर्बंध आले. ऑगस्ट १९२० मध्ये रे चॅपमन या खेळाडूचा चेंडू डोक्याला लागून मृत्यू झाल्यानंतर मळलेला चेंडू बदलून पांढरा, स्पष्ट दिसणारा चेंडू वापरण्याची दक्षता घेतली जाऊ लागली. यांकीज त्या काळी ज्या मैदानावर खेळत तेथील उजव्या बाजूचे कुंपणही जवळ होते. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही : त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना या स्पर्धांत प्रवेशच नव्हता, तो अन्याय १९४७ साली जॅकी रॉबिन्सनच्या आगमनाने दूर होऊ लागला. एवढे सर्व मान्य करूनही, त्याच मैदानांवर, तोच चेंडू खेळणारे इतर फलंदाज त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच. इतर खेळाडू बॅट थोडी वर धरून चेंडू ढकलत असत. रूथ ती अगदी टोकाला धरून, सारे शरीर झोकून देऊन, खालून वर फिरवीत असे.

कीर्ती मिळाल्यावर त्याने सेंट मेरीजला अंतर दिले नाही. एप्रिल १९१९ मध्ये लागलेल्या भीषण आगीत संस्थेची मुख्य इमारत जळाली. १९२० च्या सप्टेंबरमध्ये रूथने शाळेच्या वाद्यवृंदातील मुलांना यांकीज संघाबरोबर गावोगावी नेले. सामन्यांच्या ठिकाणी मुले वाद्ये वाजवीत आणि इमारतीसाठी निधी गोळा होत असे. १९१९ साली तो नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथोलिक बंधुसंघाचा सदस्यही झाला होता.

आता त्या दोन वर्षांविषयी. पैसा व प्रसिद्धी एकदम हाती आली आणि लहानपणी दाबून ठेवलेले सारे उसळून वर आले. खाणे, मद्य, रात्रीची जागरणे, बेफाम मोटार चालवणे, वैवाहिक निष्ठेचा विसर. त्याच्या चरित्रकारांनी यांपैकी काहीही लपवलेले नाही आणि आपणही लपवण्याचे कारण नाही. १९२१ च्या विश्वमालिकेनंतर नियम मोडून प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल आयुक्त लँडिस यांनी त्याला पुढील हंगामाचे पहिले सहा आठवडे निलंबित केले. मे महिन्यात तो परतला, त्याला कर्णधार नेमण्यात आले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच पंचावर माती फेकून व एका प्रेक्षकाच्या अंगावर धावून जाऊन त्याने ते पद गमावले. १९२२ अखेर त्याच्या नावावर ३५ होमरन होते. यादीत पहिला आला ३९ होमरन मारणारा केन विल्यम्स. त्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कमधील एका भोजनसमारंभात जिमी वॉकर या राजकीय नेत्याने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. रस्त्यावरची गरीब मुले तुला देवासारखी मानतात, आणि तू त्यांचा विश्वास धुळीला मिळवलास, असा त्याचा रोख होता. रूथच्या डोळ्यांत पाणी आले. रस्त्यावरची मुले म्हणजे कोण, हे त्याला सांगावे लागत नव्हते.

१९२३ चा हंगाम त्याने गाजवला. यांकीजच्या नव्या स्टेडियमचे १८ एप्रिल रोजी उद्‌घाटन झाले त्या दिवशी त्याने होमरन मारला आणि वर्षाअखेर ४१ चा आकडा गाठला. परंतु एका रात्रीच्या अश्रूंनी माणूस कायमचा सुधारतो असे नाही. एप्रिल १९२५ मध्ये सराव दौऱ्यावर असताना नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथे तो कोसळला. न्यू यॉर्कच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. जूनमध्ये परतल्यावरही त्याचे वर्तन बदलले नाही. ऑगस्टअखेर संघाचे व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी त्याला ५,००० डॉलर दंड करून निलंबित केले. हगिन्स देहाने अगदी लहानखुरे होते. त्यांनी या महाकाय खेळाडूसमोर माघार घेतली नाही, हे त्याच्या भल्याचे झाले. त्या वर्षी केवळ २५ होमरन. त्याची पत्नी हेलनही याच सुमारास त्याच्यापासून विभक्त झाली.

त्यानंतरचा रूथ काहीसा सावरलेला दिसतो. हिवाळ्यात त्याने व्यायामशाळेत घाम गाळला. १९२६ मध्ये ४७ होमरनसह तो पुन्हा यादीत वर आला. त्याच वर्षी त्याने ब्रदर मथायस यांना कॅडिलॅक मोटार भेट दिली. ती रेल्वेरुळावर अडकून गाडीखाली चिरडली गेली तेव्हा त्याने निमूटपणे दुसरी घेऊन दिली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या धर्मबंधूला अशी महागडी मोटार कशासाठी, असे कोणी विचारील. प्रेम व्यक्त करण्याची दुसरी भाषा रूथला अवगत नव्हती, एवढेच म्हणता येईल. न्यू जर्सीतील एका आजारी मुलाला त्या वर्षीच्या विश्वमालिकेच्या वेळी त्याने स्वाक्षरीचा चेंडू पाठवला आणि एका सामन्यात तीन होमरन मारले. मुलगा बरा झाला. वृत्तपत्रांनी त्या घटनेला बरेच रंग चढवले. परंतु इस्पितळे व अनाथालये यांना रूथ वारंवार भेट देत असे हे खरे आहे, आणि त्यांपैकी अनेक भेटींची वार्ता वृत्तपत्रांपर्यंत कधी गेलीच नाही.

१९२७ मध्ये साठ. ३० सप्टेंबर रोजी वॉशिंग्टनच्या टॉम झॅकरी याच्या चेंडूवर त्याने साठावा होमरन मारला. हा आकडा ३४ वर्षे टिकला. पुढील दोन हंगामांत ५४ आणि ४६, १९३० मध्ये ४९, आणि १९३१ मध्ये सहकारी लू गेरिगच्या बरोबरीने ४६. त्या यादीतील रूथचे हे शेवटचे वर्ष.

या वर्षांतच त्याच्या घरी दुःखद घटना घडली. विभक्त होऊनही त्या दोघांनी घटस्फोट घेतला नव्हता. ११ जानेवारी १९२९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथे घराला लागलेल्या आगीत हेलनचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये रूथने क्लेअर हॉजसन या विधवेशी न्यू यॉर्कमधील सेंट ग्रेगरी चर्चमध्ये विवाह केला. हेलनसह दत्तक घेतलेली डोरोथी आणि क्लेअरची ज्युलिया या दोन मुलींचा तो पिता झाला. क्लेअरने त्याच्या खाण्यापिण्याला आणि खर्चाला लगाम घातला.

१९३५ साली बॉस्टन ब्रेव्ह्ज संघातून खेळताना, २५ मे रोजी पिट्सबर्ग येथे एकाच सामन्यात तीन होमरन मारून त्याने आपली एकूण संख्या ७१४ वर नेली आणि काही दिवसांतच खेळ सोडला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत त्याचे नाव होते. एखाद्या प्रमुख संघाचा व्यवस्थापक होण्याची त्याची तीव्र इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. जो स्वतःला आवरू शकत नाही तो संघ काय सांभाळणार, असे मालकांना वाटे. सात वर्षांच्या वयात लागलेला शेरा जणू चाळिशीतही पुसला गेला नव्हता.

१९४४ मध्ये ब्रदर मथायस देवाघरी गेले. दोन वर्षांनी रूथला घशाच्या वरच्या भागात कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने धर्मगुरूंना बोलावून पापनिवेदन केले आणि ख्रिस्तप्रसाद घेतला. त्याने स्वतःच कबूल केले होते की मधल्या काळात तो धर्माचरणात हयगय करीत राहिला; सेंट मेरीजमध्ये मिळालेले संस्कार मात्र कधी पुसले गेले नाहीत. १९४७ मध्ये त्याच्यावर त्या काळी नव्या असलेल्या औषधाचा प्रयोग झाला. त्याने काही काळ आराम पडला. त्याच वर्षी गरजू मुलांसाठी त्याने एक प्रतिष्ठान स्थापन केले. १३ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियममध्ये त्याचा तीन क्रमांकाचा गणवेश निवृत्त करण्यात आला. खंगलेला रूथ बॅटचा काठीसारखा आधार घेऊन प्रेक्षकांपुढे उभा राहिला. योगायोग असा, की सेंट मेरीजच्या दारात त्याने पाऊल ठेवले ती तारीखही १३ जूनच होती.

१६ ऑगस्ट १९४८ रोजी, संस्कार स्वीकारून, वयाच्या ५३ व्या वर्षी तो मरण पावला. अंत्यदर्शनासाठी त्याचा देह स्टेडियममध्ये ठेवण्यात आला आणि हजारो लोक, त्यांत असंख्य बाप मुलांना खांद्यावर घेऊन, रांगेने पुढे सरकत राहिले. न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये कार्डिनल स्पेलमन यांच्या उपस्थितीत अंत्यसंस्काराची मिस्सा झाली.

सेंट मेरीज १९५० साली बंद झाली. साठ होमरनचा विक्रम १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने मोडला. ७१४ चा टप्पा ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरनने ओलांडला. एका हंगामातील सर्वोच्च संख्या आता २००१ साली बॅरी बाँड्सने मारलेल्या ७३ ची आहे. अमेरिकन लीगच्या यादीत बारा हंगाम प्रथम राहण्याची बरोबरी मात्र कोणी करू शकलेले नाही.

रूथची कबर न्यू यॉर्क राज्यातील हॉथॉर्न येथील गेट ऑफ हेवन या कॅथोलिक दफनभूमीत आहे. तेथील शिळेवर ना बॅट कोरलेली आहे, ना आकडे. प्रभू येशू एका लहान मुलाजवळ उभा आहे, असे ते शिल्प आहे. येणारे लोक शिळेच्या पायथ्याशी बेसबॉलचे चेंडू आणि टोप्या ठेवून जातात.